मक्याचा हमीभाव एक, खर्च मात्र जागोजागी वेगळा

२०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्राने मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये ठरवला. त्यामागे धरलेला खर्च १,५०८ रुपये, म्हणजे कागदावर ५९ टक्के नफा. हा हिशेब साऱ्या देशाच्या सरासरीचा आहे. कोल्हापूरचा शेतकरी त्यात नीट बसत नाही.

केंद्राचा कृषी मूल्य आयोग १९६५ साली आला. पिकांच्या खर्चाची राज्यवार पद्धतशीर नोंद १९७०-७१ पासून होऊ लागली. हमीभावासाठी खिशातून गेलेले पैसे आणि घरच्यांची मजुरी धरतात. स्वतःच्या जमिनीचा खंड धरत नाहीत. आमच्याकडे दुखणं जमिनीच्या खंडाचंच आहे. शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं, पुढं सहकारी साखर कारखाने आले आणि पाण्याखालची जमीन उसाच्या भावानं मोजली जाऊ लागली. उसाच्या दराला कायद्याचा आधार आहे, मक्याच्या हमीभावाला नाही. खंडानं रान घेऊन दाण्याचा मका करणाऱ्याला त्यामुळं उसाच्या तोडीचा खंड मोजावा लागतो.

जालना, सिल्लोडकडं खंड कमी. पण मका पावसावर. ऐन तुऱ्यात पावसानं ओढ दिली की उतारा घसरतो आणि क्विंटलमागचा खर्च फुगतो. बिहारात पूर्णिया, कटिहारचा रब्बी मका थंडीत, ओलिताखाली, जास्त दिवस शेतात राहतो आणि एकरी कितीतरी अधिक पिकतो. कोल्हापूर जिल्ह्यातही सारखं नाही: गगनबावड्याच्या पावसात मक्याच्या मुळाशी पाणी साचतं, शिरोळ-हातकणंगल्याकडं तो जमतो.

मग कोल्हापुरात मका टिकला कशावर? वैरणीवर. १९६३ साली जिल्हा दूध संघ, म्हणजे आजचा गोकुळ, उभा राहिला आणि गोठे वाढले. गळीत हंगामात जनावरांना उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, मिळतं. कारखान्यांची धुराडी थांबली की वाडं संपतं, आणि उन्हाळ्यात ओल्या वैरणीची खरी ओढाताण सुरू होते. तेव्हा आफ्रिकन टॉल या वैरणीच्या मक्याचं उभं रान गुंठ्यावर विकलं जातं, किंवा चिकात आलेल्या कणसांसकट कापून मुरघास, म्हणजे मुरवून साठवायची वैरण, भरला जातो. दाण्याच्या मक्यापेक्षा लवकर रान मोकळं. मळणी नाही, वाळवण नाही, ओलाव्यापोटी व्यापाऱ्याची कपात नाही.

२०१८ साली कर्नाटकात मका खाणारी अमेरिकन लष्करी अळी सापडली आणि लगेच इकडंही पोचली. पोंग्यात औषध सोडायचं म्हणजे मजूर लागतो, आणि इथली मजुरी कमी नाही. २०२३ च्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि इथेनॉलसाठी मक्याला मागणी चढली. भाव सुधारला तो दाण्याचा. गुंठ्यावर गेलेल्या हिरव्या मक्याला हमीभावच नाही. त्याचा दर गोठेवाला आणि रानमालक बांधावरच ठरवतात.