कुरळे केस आणि अर्धवट वाळलेली कुरडई

गेल्या महिन्यात नाशिकला गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर लग्न होतं. जेवणाच्या रांगेत उभा असताना एका मावशीने मागून येऊन माझ्या केसांत थेट हात घातला आणि शेजारणीला म्हणाली, "याचं जावळ दोनदा काढलं होतं ना, म्हणून हे असे कुरळे आलेत बघ." शेजारणीने मान डोलावली, आईनेही डोलावली. एका हातात प्लेट आणि दुसऱ्या हातात मठ्ठ्याचा ग्लास असल्यामुळे मी तिथे काही बोललो नाही, म्हणून आता इथे बोलतो.

जावळ काढल्याने केस कुरळे होत नाहीत, दाट होत नाहीत, काळे पण होत नाहीत. डोक्यावर दिसतो तो केस मेलेला असतो, वस्तरा त्या मेलेल्या भागावर फिरतो, आणि जिथे केस तयार होतो ते मूळ कातडीखाली काही मिलिमीटर खोल बसलेलं असतं, त्याला वर काय झालं याचा पत्ताच लागत नाही. बाळाचे पहिले केस मऊ आणि बारीक असतात, नंतर मुळं मोठी होतात, वयात येताना हार्मोन्समुळे परत बदलतात, कोणाचे सरळचे कुरळे होतात तर कोणाचे उलट. हे सगळं जावळ न काढताही होतं, पण जावळ काढलेलं सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि त्याचे फोटो पण असतात.

मग कुरळेपणा येतो कुठून? ज्या पिशवीतून केस बाहेर येतो ती पिशवीच सरळ केसांत उभी असते आणि कुरळ्या केसांत वाकडी, कधी तर खाली हुकासारखी वळलेली. त्यामुळे केसाच्या दोन बाजूंच्या पेशी सारख्या तयार होत नाहीत, एक बाजू वेगळी घडते, एक वेगळी, आणि केस वाळून कडक होताना तो एका बाजूला वळतो. 'कुरळ्या केसांत गंधकाचे बंध जास्त असतात' असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं पण सरळ आणि कुरळ्या केसांचं रसायन जवळपास सारखंच निघतं, फरक मांडणीत आहे.

आता माझं सांगतो. मी सव्वा वर्षापासून केस वाढवतोय. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटिमीटर, पण कुरळा केस स्प्रिंगसारखा आखडतो म्हणून १२ सेंटिमीटर वाढलेला केस दिसतो सहा-सातच. त्यात पाचव्या ते दहाव्या महिन्यात जो काही प्रकार होतो तो भयंकर असतो. केस कानावर येतात पण बांधता येत नाहीत, खाली पडत नाहीत, आडवे वाढतात, आरशात फुलकोबी दिसते. आमच्या गल्लीतला सलूनवाला रोज हात जोडून म्हणायचा की भाऊ फक्त साइड मारू द्या.

हा काळ वाईट दिसतो त्याला कारण आहे. आखूड केस हलका असतो, त्याचा ताठपणा त्याच्या वजनाला सहज पेलतो, म्हणून तो मनाला येईल तिकडे उभा राहतो. लांबी वाढली की वजन वाढतं, आणि वरच्या वळणांना खालच्या सगळ्या केसाचं वजन ओढायला लागतं, म्हणून लांब कुरळ्या केसांत वरचा भाग बराच सरळ आणि टोकाला घट्ट भोवरे असं दिसतं. पोनीटेलचा आकार गणितात बसवताना गोल्डस्टीन, वॉरेन आणि बॉल या तीन शास्त्रज्ञांनी २०१२ साली गुरुत्वाकर्षण आणि केसाचा ताठपणा यांच्या झटापटीसाठी एक आकडाच काढला आणि त्याला परीकथेतल्या लांब केसांच्या रॅपुन्झेलवरून 'रॅपुन्झेल नंबर' नाव दिलं, त्यावर त्यांना इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, पण मिळालं. थोडक्यात, गुरुत्वाकर्षणाची बाजू वरचढ होईपर्यंत टोपी घाला.

पण मला सांगायचंय ते हे नाही. मला सांगायचंय पाण्याबद्दल.

केस म्हणजे केराटिन नावाचं प्रोटीन, लांबच लांब साखळ्या, जवळजवळ ठेवलेल्या. या साखळ्या एकमेकींना धरून असतात मुख्यतः दोन प्रकारे. एक पकड गंधकाची, डायसल्फाइड बंध, ती पक्की, पाण्याने सुटत नाही. (केस जळल्यावर जो घाण वास येतो त्यात हा गंधक असतो.) दुसरी पकड हायड्रोजन बंधांची. ही एकेक बघाल तर फार कमकुवत, पण संख्येने इतकी प्रचंड की कोरड्या केसाच्या ताठपणात तिचा वाटा मोठा. आणि पाण्याचा रेणू हायड्रोजन बंध करण्यात उस्ताद. केस भिजला की पाणी या साखळ्यांच्या मधे शिरतं, साखळीचा हात साखळीतून सोडवतं आणि स्वतः धरतं. केस मऊ पडतो, फुगतो, पूर्ण दमट हवेत तर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी शोषतो. मग वाळायला लागला की पाणी निघून जातं, साखळ्यांचे हात रिकामे होतात, आणि त्या क्षणी जी शेजारीण समोर असेल तिला धरतात. म्हणजे वाळताना केस ज्या आकारात असेल तो आकार पक्का.

हे वाचून तुम्हाला काही आठवलं का? मला आठवली आजीची कुरडई. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, सत्त्व खाली बसू द्यायचं, सकाळी चीक शिजवायचा, गरम गरम सोऱ्यात भरायचा आणि गच्चीवर प्लॅस्टिकच्या कागदावर गोल गोल पाडायचा. ओली असेपर्यंत कुरडई म्हणाल तो आकार घेते. उन्हात वाळली की त्या आकाराची कडक होऊन बसते. आणि मधल्या वेळेत, अर्धवट वाळलेली असताना, हात लावला की तुटते, तारा सुटतात, आजी ओरडते. कुरळ्या केसांच्या सगळ्या स्टायलिंगचा सार मला या कुरडईत दिसतो, म्हणजे ओले असताना आकार द्या, मग वाळेपर्यंत हात लावू नका. यूट्यूबवर चाळीस मिनिटं हेच सांगतात.

फरक एकच. कुरडईला स्वतःची आठवण नसते, केसाला असते. भिजवलं की हायड्रोजन बंध सुटतात पण गंधकाचे बंध आणि पेशींची ती वाकडी मांडणी जागेवरच असते, म्हणून ओला केस मोकळा सोडला तर तो त्याच्या जन्मजात वळणाकडेच परत जातो. दाबून सरळ केलेला केस पावसात परत कुरळा होतो तो म्हणूनच.

थोडं अजून खोलात जातो, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा. १९३० च्या दशकात लीड्सला ॲस्टबरी नावाच्या शास्त्रज्ञाने लोकर आणि केस यांच्यातून एक्स-रे पाठवले आणि बघितलं की ओला केस ताणला की आतली रचनाच बदलते, सोडला की परत येते. ती रचना नक्की काय हे लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाला सुचलं १९४८ मध्ये, ऑक्सफर्डला सर्दीने अंथरुणात पडलेला असताना कागदाच्या घड्या घालता घालता, आणि १९५१ मध्ये ते छापून आलं, अल्फा हेलिक्स, म्हणजे साखळीने स्वतःभोवती घेतलेला जिना, एका वेढ्यात ३.६ घटक, आणि जिना तोलून धरणारे हायड्रोजन बंध. इथे एक गफलत होते, लोकांना वाटतं हा जिना म्हणजेच कुरळेपणा, तर नाही, सरळातल्या सरळ केसात पण हाच जिना असतो. आणि दुसरी गोष्ट ग्लास ट्रान्झिशनची, त्याला मराठीत काय म्हणावं कळत नाही, काचबिंदू म्हटलं तर डोळ्यांचा आजार होतो. कडक काचेसारखा पदार्थ ज्या तापमानाला रबरासारखा मऊ होतो ते हे तापमान. अगदी कोरड्या केराटिनला ते १०० अंशांच्या बरंच वर असतं, आणि पूर्ण भिजलेल्या केसात ते घसरून खोलीच्या तापमानाच्याही खाली येतं. म्हणून स्ट्रेटनरला १८०-२०० अंश लागतात आणि तेच काम, तात्पुरतं का होईना, नळाचं पाणी फुकटात करतं.

हेल्मेटचं घ्या. सातपूरला कंपनीत जायला मला बाइकवर वीस-पंचवीस मिनिटं लागतात, एप्रिलमध्ये घाम येतो, घामाने केस ओले, हेल्मेटने दाबलेले, गेटवर हेल्मेट काढलं की दोन मिनिटांत वारा लागून वाळले. झाली कुरडई, चपटी. आता मी हेल्मेटच्या आत सुती रुमाल बांधतो आणि पोचल्यावर बाटलीतलं थोडं पाणी हातावर घेऊन केसांना लावतो, म्हणजे बंध परत सुटतात. कंगवा नाही. कोरड्या कुरळ्या केसांत कंगवा घातला तर एकत्र वळलेल्या बटा सुटतात आणि प्रत्येक केस वेगळा होऊन फुलतो.

बटांवरून आठवलं, रंगाचा ब्रश पाण्याबाहेर काढला की त्याचे केस टोकाला चिकटून एक होतात ना, तसंच डोक्यावर होतं. केसांमधल्या पाण्याचा पृष्ठताण त्यांना एकत्र ओढतो. म्हणून टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, बट मोडते. जुना सुती टी-शर्ट घ्यायचा आणि केस खालून मुठीत धरून वर दाबायचे, पाणी टिपायचं, बास.

आणि मग ती बट वाळेपर्यंत तशीच धरून ठेवायला काहीतरी लागतं. बाजारात जेल मिळतात, चांगले पण असतात, पण मी जवस वापरतो कारण घरात चटणीसाठी असतंच. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आचेवर ढवळत राहायचं, सात-आठ मिनिटांत अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार यायला लागते, तेव्हा लगेच, हो, गरम असतानाच, पातळ ओढणीतून गाळायचं. पहिल्या वेळी मी फोनवर बोलत बसलो आणि गार झाल्यावर गाळायला गेलो तर ते बुळबुळीत प्रकरण कापडातून खाली उतरेचना, शेवटी जवस, ओढणी आणि माझी इज्जत तिन्ही गेलं. हा चिकटपणा साखरेच्या लांब साखळ्यांचा, भेंडीत असतो त्याच जातीचा. निथळत्या ओल्या केसांना लावला की वाळताना बटेभोवती त्याचं पातळ कवच बसतं. केस कुरकुरीत लागतात, घाबरायचं नाही, पूर्ण वाळल्यावर तळहातांनी हलकं चुरगाळलं की कवच मोडतं आणि बट मऊ राहते. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, डब्यावर नाव लिहा, आमच्याकडे ते एकदा आमटीत जाता जाता राहिलंय.

विंचरायचं ते न्हातानाच, कंडिशनर लावलेलं असताना, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून कंडिशनर हवाच. केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, कंडिशनरमधल्या रेणूंचं एक टोक धन भाराचं, ते तिथे चिकटतं आणि घर्षण कमी होतं. सरळ केसांत डोक्याचं तेल टोकापर्यंत घसरत जातं, कुरळ्यात वळणावळणावर अडतं, म्हणून टोकं कोरडी.

नाशिकची हवा या सगळ्याची परीक्षा घेते. डिसेंबर-जानेवारीत थंड आणि कोरडी, बटा शिस्तीत. जूनचा पहिला पाऊस आला की हवेतलं पाणीच केसात शिरून बंध सोडवायला लागतं, कुठला सुटला कुठला नाही, प्रत्येक केस वेगळ्या दिशेला. ऑगस्टमध्ये सोमेश्वरच्या धबधब्यावर मी बाभळीचं झाड दिसतो. पण केसाच्या याच सवयीवर जिनिव्हाच्या द सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७८० च्या दशकात आर्द्रता मोजायचं यंत्र बनवलं. केस कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला की साधारण दोन-अडीच टक्के लांब होतो, त्याला काटा जोडला की झालं, आणि हे यंत्र पुढे किती तरी वर्षं हवामान खात्यांत वापरात होतं.

'केराटिन ट्रीटमेंट'बद्दल दोन शब्द. बाहेरून लावलेलं केराटिन केसाच्या साखळीत जाऊन जोडलं जात नाही. अशा अनेक ट्रीटमेंटमध्ये खरं काम फॉर्माल्डिहाइड किंवा तापवल्यावर ते सोडणारी रसायनं करतात, आणि फॉर्माल्डिहाइड माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. बंद एसी सलूनमध्ये डोळे चुरचुरतात ते पौष्टिकपणामुळे नाही.

आणि एक जटेबद्दल, कारण २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय आणि मला आत्तापासून 'बाबा' म्हणून हाका मारतात. साधूंनी जटा ठेवल्या तर ती त्यांची निवड. पण आपल्याकडे एखाद्या बाईच्या केसांत गुंता झाला की देवीची जट म्हणून ती कापू देत नाहीत, मानेवर ओझं, खाली उवा, आणि वर भीती. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे खवले असतात, त्यांची तोंडं टोकाकडे. रोज ५० ते १०० केस गळतात, विंचरलं नाही तर ते तिथेच अडकतात आणि खवले त्यांना एकाच दिशेने सरकू देतात, मागे येऊ देत नाहीत, म्हणून गुंता घट्ट होत जातो. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला की आटतो ते हेच. स्वेटरच्या अंगात देवी आली असं कोणी म्हणत नाही. अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते कित्येक वर्षं बायकांना समजावून, घरच्यांना समजावून या जटा कापतायत, आणि कापल्यावर काही कोप होत नाही, मान हलकी होते.

परवा आईने गच्चीवर कुरडया घातल्या. मी नुकतंच न्हाऊन जवसाचं जेल लावलेलं, ऊन होतंच, म्हणून कावळे हाकलायला काठी घेऊन तिथेच बसलो. अकराच्या सुमाराला मानेला खाज सुटली, हात वर गेला, आणि आई जिन्याच्या दारातून ओरडली, "ओलं आहे अजून, हात लावू नको." कशाला, ते मी विचारलं नाही.