ठाण्यात आलेले ‘लहान बंधू’

तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमुळे ठाण्याचा ख्रिस्ती इतिहास पोर्तुगीजांपासून मोजायची आपल्याला सवय लागली आहे. पण त्याच्या दोनशे वर्षं आधी, एप्रिल १३२१ मध्ये, असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या संघातले चार फ्रान्सिस्कन संन्यासी या गावात मारले गेले: टोलेंटिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिबिलिसीचे दिमित्री. काझीपुढे धर्मावरून झालेल्या वादाचा हा शेवट. जॉर्डानस या डॉमिनिकन धर्मगुरूने त्यांचं दफन केलं आणि पुढे काही वर्षांत पोर्देनोनेचे ओदोरिक हे फ्रान्सिस्कन त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेले. हुतात्मे म्हणून त्यांची आठवण निघते. नम्रतेबद्दलच्या एका जुन्या भांडणाशीही त्यांचा संबंध आहे, तो मात्र फारसा कोणी सांगत नाही.

थॉमस हे त्याआधी कैद भोगून आले होते, आणि डांबणारे त्यांच्याच संघाचे वरिष्ठ होते. असिसीकर संत फ्रान्सिस यांनी १२२० मध्ये स्वतःच संघाचं प्रमुखपद सोडलं होतं. १२२१ च्या त्यांच्या नियमावलीत कोणीही वरचा हुद्दा लावून घेऊ नये, सगळ्यांना ‘लहान बंधू’ म्हणावं आणि एकमेकांचे पाय धुवावेत, असं लिहिलं आहे. १२२६ मध्ये ते वारले. त्यानंतर संघ वाढला, मोठाले मठ उभे राहिले, विद्यापीठांतून नाव झालं. आम्ही मूळच्या गरिबीलाच धरून राहणार, असं म्हणणाऱ्या गटात थॉमस होते. १२८९ मध्ये निवडून आलेल्या नव्या प्रमुखाने त्यांना सोडवलं आणि आर्मेनियाला धाडलं. तिथून पूर्वेकडची वाट त्यांना पुढे ठाण्याला घेऊन आली. खरा लहान कोण, यावरून माणसं एकमेकांना कोठडीत घालत होती!

नम्रतेचाच गर्व होण्याचा हा धोका जुन्या संन्याशांनी आधीच ओळखला होता. इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या एव्हाग्रियस (मृत्यू ३९९) यांनी मनाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. तिची सुरुवात खादाडपणाने होते. कीर्तीची हाव आणि गर्व अगदी शेवटी येतात, कारण बाकीच्यांवर मात केलेल्या माणसालाच ते गाठतात. ही यादी पश्चिमेत नेणारे जॉन कॅसियन कीर्तीच्या हावेला कांद्याची उपमा देतात: एक पापुद्रा काढावा, तर खाली दुसरा. भारी कपड्यांचा तोरा सोडला की साध्या कपड्यांचा तोरा चढतो.

पुढे संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी नम्रतेच्या बारा पायऱ्या आखल्या. त्याच शतकाच्या अखेरीस पोप थोरले ग्रेगरी यांनी गर्वाला सर्व पापांचं मूळ ठरवलं. तेच स्वतःला ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ म्हणवत. आज धर्मशिक्षणाच्या वर्गात सात प्रमुख पापांची यादी पाठ होते, तिच्यात गर्व पहिला असतो. माझ्या मते या फेरबदलात काहीतरी हरवलं. यादीत पहिला आला, की गर्व म्हणजे पैसेवाल्यांचा, नवख्यांचा दोष वाटतो. वाळवंटातले संन्यासी त्याला मुरलेल्या भक्ताचा आजार मानत, आणि चर्चच्या समित्यांवर वर्षानुवर्षं बसणाऱ्या आपल्यासारख्यांना तेच निदान जास्त लागू पडतं.

मराठी माणसाला यातलं पुष्कळसं नव्याने शिकावं लागत नाही. देवाकडे लहानपण मागणारे तुकोबा इथले, आणि समोरच्याची जात-वय न बघता पाया पडणारे वारकरीही इथलेच. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांना ख्रिस्ताकडे येताना तुकोबांचीच वाट जवळची वाटली.

येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची हकिगत योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात आहे. गुलामाचं काम गुरूने केलं म्हणून पेत्र अवघडतो. पाय धुण्याचा हा विधी पवित्र गुरुवारच्या (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच्या) मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत आला तो पोप बारावे पायस यांच्या १९५५ च्या सुधारणेने, आणि पाय धुऊन घेणारे पुरुषच हवेत ही अट पोप फ्रान्सिस यांच्या काळात, जानेवारी २०१६ मध्ये निघाली. पाय धुऊन घ्यायच्या खुर्च्यांवर कोणाला बसवायचं, हे तरीही प्रत्येक पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) ठरवावं लागतं, आणि आपल्याकडे लग्नातल्या मानपानाइतकीच तिथेही रुसवाफुगवी चालते.