‘बदलता येईल’ की ‘बदलायलाच हवं’: पार्श्वभूमी

आपल्या हातातलं काय आणि हाताबाहेरचं काय, ही वाटणी प्राचीन ग्रीस-रोममधल्या स्टोइक विचारवंतांनी फार पूर्वीच केली होती. मत, इच्छा, प्रयत्न आपले. शरीर, मालमत्ता, नावलौकिक आपले नव्हेत. पण आज हा प्रश्न ज्या शब्दांत आपल्यापुढे येतो ते शब्द विसाव्या शतकातले आहेत आणि घोळही तिथलाच आहे.

‘देवा, जे मला बदलता येत नाही ते स्वीकारायची शांती दे, जे बदलता येईल ते बदलायचं धैर्य दे आणि दोन्हींतला फरक ओळखायचं शहाणपण दे’, ही छोटी प्रार्थना अनेकांना ठाऊक असते. तिचा सापडलेला सर्वांत जुना माग १९३२ सालचा आहे. अमेरिकेतल्या एका कार्यकर्तीने डायरीत तो विचार एका प्रोटेस्टंट धर्मचिंतकाच्या नावे टिपून ठेवला. पुढच्या वर्षी तिच्याच लेखात तो प्रार्थना म्हणून छापून आला. त्यात धैर्य आधी येतं, शांती नंतर. मागणारे ‘आम्ही’ आहोत. आणि धैर्य हवंय ते ‘जे बदललंच पाहिजे’ ते बदलण्यासाठी.

१९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रातल्या निधनाच्या जाहिरातीत हीच प्रार्थना दिसते, तेव्हा शांती पुढे आली आहे, ‘आम्ही’चा ‘मी’ झाला आहे आणि ‘बदललंच पाहिजे’च्या जागी ‘मला बदलता येईल’ आलं आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या एका संघटनेने हे रूप उचललं, खिशात मावणाऱ्या कार्डांवर छापलं आणि ते जगभर गेलं. आजचा दिवस दारूविना काढायचा असलेल्या माणसाला हीच शब्दरचना आधार देते, यात शंका नाही. तरी मला हा बदल फार मोठा वाटतो. ‘बदललंच पाहिजे’मध्ये कर्तव्य आहे, ‘बदलता येईल’मध्ये फक्त आपल्या ताकदीचा अंदाज. अन्याय आपल्या एकट्याच्या आवाक्याबाहेरचा असला, की दुसऱ्या वाक्यात तो आपोआप ‘स्वीकारा’च्या रकान्यात जाऊन बसतो.

प्रार्थना मुळात कुणाची यावर २००८ पासून बराच वाद झाला. जर्मनीत तर ती अठराव्या शतकातल्या एका धर्मोपदेशकाच्या नावावर खपत होती.

मराठीत ‘स्वीकार’ हा शब्द गुंता आणखी वाढवतो. प्रस्ताव स्वीकारला म्हणजे मान्य केला. वस्तुस्थिती स्वीकारली म्हणजे ती आहे एवढं कबूल केलं. आत्महत्येच्या विचारांशी झगडणाऱ्यांसाठी आखलेल्या आणि १९९३ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या एका उपचारपद्धतीत हा दुसरा अर्थ कळीचा आहे. नुसतं ‘बदला’ म्हटलं की रुग्णाला आपलं दुःखच नाकारलं गेल्यासारखं वाटे. नुसतं ‘स्वीकारा’ म्हटलं तर यातना तशाच राहत. म्हणून दोन्ही एकत्र बांधावं लागलं.

स्वीकारायचं काय आणि बदलायचं काय, यांमधली रेघ नेमकी कुठे मारायची, यावरचा सर्वांत धारदार युक्तिवाद मात्र त्याआधीच, १९७६ मध्ये ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी केला होता. चाकाच्या खुर्चीतला माणूस तीन पायऱ्यांपाशी अडतो. पाय चालत नाहीत, ही शरीराची उणीव. आत जाता येत नाही, हे मात्र समाजाने लादलेलं अपंगत्व, असं त्यांनी मांडलं. पाय बदलणार नव्हते. पायरीच्या जागी उतार करता येत होता, आणि तोवर स्वीकारायला सांगितलं जात होतं ते दोन्ही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रस्तावनेत ही मांडणी बरीचशी उतरली: अपंगत्व व्यक्तीची उणीव आणि भोवतालचे अडथळे यांच्या गाठीतून घडतं.