पिवळे पट्टे आणि मेलेले आर्माडिलो: एका टेक्सासी वाक्याची पार्श्वभूमी

रस्त्याच्या मधोमध काय असतं? पिवळे पट्टे आणि मेलेले आर्माडिलो, बाकी काही नाही. राजकारणात कुठलीच बाजू न घेता मधोमध राहणाऱ्यांना टोमणा मारणारं, टेक्सासच्या जिम हायटॉवर या शेतकरीवादी नेत्याचं हे वाक्य १९९७ साली त्याच्या पुस्तकाचं शीर्षक झालं आणि देशभर पसरलं. आर्माडिलो म्हणजे मांजराएवढा, पाठीवर कवच असलेला निशाचर प्राणी. दचकला की तो जागच्या जागी उंच उडतो आणि वरून जाणाऱ्या गाडीच्या पोटाला आपटून मरतो. चाकाखाली न येताही मरण, ते मधोमध असल्यामुळेच! शिवाय इंग्रजीत पिवळा हा भित्र्याचा रंग.

घोळ आहे तो 'मधला रस्ता' या शब्दांत. मराठीत 'मध्यममार्ग' म्हटलं की बुद्धाची आठवण येते, त्यामुळे भाषांतरात टीकेची धारच जाते. अमेरिकेतही या शब्दांचा अर्थ एकदा पुरता उलटला आहे. १८९६ साली सेंट लुइसच्या अधिवेशनात पॉप्युलिस्ट या शेतकऱ्यांच्या तिसऱ्या पक्षापुढे प्रश्न होता: डेमोक्रॅट उमेदवारालाच आपला मानायचं का? ठाम नकार देणाऱ्यांना 'मधल्या रस्त्याचे' म्हणत, आणि त्यांचा जोर टेक्सासमध्येच होता. कुठल्याही मोठ्या पक्षाच्या कडेला न सरकता आपल्याच वाटेने चालणारे, असा तो अर्थ. म्हणजे तेव्हाचा मधला रस्ता कडव्यांचा होता. १९४९ साली त्याच सेंट लुइसमध्ये आयझेनहॉवर या निवृत्त सेनापतीने अनिर्बंध धनसत्ता आणि अनिर्बंध सरकारशाही यांच्या मधून जाणारा रस्ता मांडला. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि तोच अर्थ पक्का झाला. आर्माडिलोवाल्याचा राग या दुसऱ्या अर्थावर. १८९६ च्या मंडळींचा तो खरा वारस, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

हायटॉवर १९८३ ते १९९१ टेक्सास राज्याचा निवडून आलेला कृषी आयुक्त होता. कीटकनाशकांचे नियम त्याने कडक केले, बड्या शेती-उद्योगाचा रोष ओढवून घेतला आणि १९९० ची निवडणूक थोडक्यात हरला. त्यानंतर त्याचाच डेमोक्रॅटिक पक्ष मधे सरकत गेला. १९९४ पासून मेक्सिको-कॅनडाशी मुक्त व्यापार करार लागू झाला. १९९६ साली गरीब कुटुंबांच्या रोख मदतीला, काही अपवाद सोडले तर, आयुष्यभरात पाच वर्षांची मर्यादा घालणाऱ्या कायद्यावर त्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली. पुस्तक आलं ते त्याच्या पुढच्या वर्षी.