स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते तेव्हा

कोकणात रात्री-अपरात्री कोणाच्या पोटात कळ उठली की घरातले पहिले निदान 'पित्त झाले' असे असते आणि पहिला उपाय म्हणजे आमसुले भिजवलेले पाणी. पुष्कळदा तेवढ्याने निभावते. परंतु कळ बेंबीच्या वर खोलवर असेल, थेट पाठीत जात असेल, उलट्या होऊनही उतार पडत नसेल आणि उताणे झोपवत नाही म्हणून माणूस उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसत असेल, तर ते दुखणे तीव्र स्वादुपिंडदाहाचे असू शकते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये.

जठराच्या मागे आडवे पसरलेले, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचे स्वादुपिंड रोज साधारण दीड लिटर पाचकरस तयार करते. प्रथिने तोडणारे ट्रिप्सिन त्यात निष्क्रिय रूपात असते आणि लहान आतड्यात पोहोचल्यावरच जागे होते. काजूची ओली बी फोडणाऱ्या बायका हाताला आधी राख किंवा तेल लावतात, कारण टरफलातला चीक कातडी सोलवटून काढतो. तो टरफलात आहे तोवर मात्र आतल्या गराला काहीच होत नाही. स्वादुपिंडाच्या पेशींतही ट्रिप्सिन असेच सूक्ष्म कोषांत बंद असते. या आजारात ते पेशींच्या आतच सक्रिय होते आणि ज्या अवयवाने ते घडवले त्यालाच पचवू लागते. ऑस्ट्रियन विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी १८९६ मध्येच ही कल्पना मांडली होती.

याचे सर्वांत मोठे कारण पित्ताशयातले खडे आणि त्याखालोखाल दारू. पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका बहुधा एकाच तोंडाने आतड्यात उघडतात. त्यामुळे घसरलेला बारीकसा खडा तेथे अडकला की दोन्हींची वाट तुंबते, आणि म्हणूनच बारीक खड्यांना निरुपद्रवी समजणे चुकीचे आहे. रक्तातील ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) दर डेसिलिटरला १००० मिलिग्रॅमच्या वर जाणे, कॅल्शियम वाढणे, काही औषधे आणि गालगुंड हीदेखील कारणे आहेत. त्रिनिदादमध्ये एका जातीच्या विंचवाच्या दंशानेही हा आजार होतो. आपल्याकडचा लाल विंचू, ज्याच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, तो मुख्यतः हृदयावर आघात करतो.

सुमारे ८० टक्के रुग्ण शिरेतून दिलेले द्रव, वेदनाशामके आणि लवकर सुरू केलेला हलका आहार यांवर बरे होतात. उरलेल्यांत दाह अंगभर पसरून फुप्फुसे व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. स्वादुपिंडाभोवतालची चरबी विरघळून तिच्यातली आम्ले कॅल्शियमशी संयोग पावतात आणि तेथे खडूसारखे पांढरे ठिपके, म्हणजे अक्षरशः साबण, तयार होतो. रक्तातले कॅल्शियम घटण्याचे हे एक कारण होय. स्वादुपिंडाचा भाग मृत होऊन त्यात जंतू शिरले, तर जिवाचा धोका बराच वाढतो. काही आठवड्यांनी द्रवाची गाठ तयार होऊ शकते आणि पुढे मधुमेहही जडू शकतो.

आजार खड्यांमुळे झालेला आणि सौम्य असेल, तर शक्यतो रुग्णालयाच्या त्याच मुक्कामात पित्ताशय काढून टाकतात. दुखणे थांबले म्हणून 'गणपती झाल्यावर बघू' असे म्हणत घरी परतलेल्या रुग्णाच्या पित्ताशयात उरलेले खडे तसेच असतात आणि त्यांतला एखादा त्या मधल्या आठवड्यांतच पुन्हा घसरू शकतो.