कोपऱ्यातल्या चौकटीत भुवई दिसत नाही

पावसाळा लागला की कोल्हापुरात सगळ्यांच्या मोबाईलवर एकच आकडा फिरत असतो, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आली. ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. २०१९ ला तर पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. अशा सूचनांच्या व्हिडिओत कधी कधी कोपऱ्यात साइन लँग्वेजवाला माणूस असतो आणि मग कुणीतरी विचारतंच, खाली अक्षरात लिहिलंय की, मग हे हातवारे कशाला?

ते हातवारे नाहीत हो. इंडियन साइन लँग्वेज ही स्वतःचं व्याकरण असलेली भाषा आहे, अमेरिकेतली साइन लँग्वेज वेगळी, आपली वेगळी. दिल्लीच्या सरकारी संस्थेनं काढलेली तिची डिक्शनरी २०२१ मध्ये १०,००० शब्दांवर गेली. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या बऱ्याच जणांसाठी लिहिलेली मराठी ही दुसरी भाषा असते, तीसुद्धा कधी न ऐकता शिकलेली. दारात पाणी आलेलं असताना दुसऱ्या भाषेतली पळती अक्षरं वाचत बसायचं, हे आपल्याला तरी जमेल का?

आता यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. साइन बघणाऱ्याची नजर कुठं असते? हातांवर नाही, चेहऱ्यावर असते! हात पुढं ताणून अंगठ्याचं नख बघा, साधारण तेवढाच भाग आपल्याला एका वेळी एकदम स्पष्ट दिसतो, कारण डोळ्याच्या पडद्यावर बारीक बघणाऱ्या पेशींची दाटी मधल्या एका ठिपक्यातच असते. कडेचं सगळं धूसर, पण मोठी हालचाल मात्र कडेनंही कळते. म्हणून नजर चेहऱ्यावर ठेवायची आणि हात कडेनं टिपायचे. पॅट्रिशिया सिपल या संशोधिकेनं १९७८ मध्ये अमेरिकन साइन लँग्वेजबद्दल मांडलं की चेहऱ्याजवळच्या खुणांमध्ये बारीक फरक चालतात, आणि खाली छाती-पोटाजवळच्या खुणा मोठ्या, बऱ्याचदा दोन्ही हात सारखे हलवून केलेल्या असतात. म्हणजे डोळ्याला जिथं कमी दिसतं तिथं भाषेनंच खुणा ठळक केल्यात.

चेहऱ्यावर एवढं काय असतं? व्याकरण. 'पाणी वाढणार' आणि 'पाणी वाढणार का?' यात हात तेच राहू शकतात, प्रश्न होतो तो वर गेलेल्या भुवयांमुळं. बऱ्याच साइन लँग्वेजमध्ये 'गेलं तर' मधला 'तर' सुद्धा भुवयांनीच दाखवतात. पुराच्या सूचनेत 'पाणी वर गेलं' आणि 'पाणी वर गेलं तर' यात केवढा फरक आहे!

आता थोडं गणित, कंटाळू नका. समजा व्हिडिओ ६४० पिक्सेल रुंद आहे आणि कोपऱ्यातली चौकट त्याच्या एक षष्ठांश, म्हणजे साधारण १०७ पिक्सेल. साइन करायला दोन्ही कोपर धरून ८५ सेंटीमीटर तरी जागा लागते. तेवढी जागा १०७ पिक्सेलमध्ये बसवली की एका सेंटीमीटरला सव्वा पिक्सेल येतो. भुवई सेंटीमीटरभर वर गेली तर स्क्रीनवर हलली सव्वा पिक्सेल, आणि डेटा वाचवायला व्हिडिओची फाइल लहान करताना सगळ्यात आधी असलेच बारीक तपशील पुसले जातात. उभ्या धरलेल्या मोबाईलवर तो अख्खा चेहरा जेमतेम २ मिलिमीटर रुंद. अर्धा स्क्रीन दिला तर तीच भुवई पावणेचार पिक्सेल हलते, मग कुठं 'तर' दिसतो.

म्हणूनच साइनचं भाषांतर करणाऱ्या हातमोज्यांच्या बातम्या बघून हुरळून जाऊ नका. मोज्याला बोटं कळतात, भुवई कशी कळणार? आणि मूल बोलावं म्हणून पोपटाचा उष्टा पेरू चारणाऱ्यांना तर हात जोडून सांगणं आहे, लहानपणीची ती वर्षं भाषा शिकायची असतात, वाया घालवू नका, लगेच कानाची तपासणी करा आणि साइन शिकवायला घ्या, साइननं मूल आळशी होतं वगैरे काही नसतं.

गावातल्या सूचनांचे व्हिडिओ करणाऱ्यांनी चौकट मोठी करावी, मागं साधा एकरंगी पडदा ठेवावा, चेहऱ्यावर उजेड पाडावा, माणसाच्या डोक्यावरून बातमीची पट्टी फिरवू नये. आणि साइन करायला शक्यतो कर्णबधिर माणसालाच घ्यावं, समोर स्क्रीनवर मजकूर फिरवला की तो वाचून त्यांना साइन करता येतं, काही देशांच्या टीव्हीवर असंच करतात.