चाळिशीनंतर क्वार्टरबॅकचा हात खरंच संपतो?

अमेरिकन फुटबॉलचा नवा हंगाम जवळ आला की एक समज हमखास डोकं वर काढतो: चाळिशी ओलांडली की क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूचा, हात संपतो. हे साफ चूक आहे. टॉम ब्रेडीचं 2021 हे साल बघा. फेब्रुवारीत टॅम्पा बे संघाला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला, मग गुडघ्याची शस्त्रक्रिया, ऑगस्टमध्ये वयाची 44 पूर्ण. आणि त्या हंगामात फेकींवर 5,316 यार्डांची आगेकूच, 43 टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी. दोन्हींत तो लीगमध्ये पहिला!

फेकीचा जोर नुसत्या खांद्यातून येत नाही. मागचा पाय रोवायचा, पुढचा टाकायचा, कंबर वळवायची. हाताची पाळी शेवटी. शिवाय समोरच्या बचावाची मांडणी आधीच ओळखली की चेंडू झटकन सुटतो आणि अंगावर मार कमी बसतो. ही नजर अनुभवाने मुरते. माझ्या मते ब्रेडीची खरी ताकद हीच होती.

शरीर थकतं, हे खरंच. दुसरा नामवंत क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग 2015 मध्ये, 39व्या वर्षी, 9 टचडाउन पास आणि 17 इंटरसेप्शनवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी झेललेल्या फेकींवर, घसरला. पण त्याच्या मानेवर आधी अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि त्या हंगामात पायाचं दुखणंही होतं. ते सगळं एकट्या वयाच्या माथी मारता येणार नाही.